सारख्या अर्थाची इंग्रजी विशेषणं, कुठलं कुठे वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिग म्हणायचं की लार्ज, सिक की इल, हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल… व्याकरण बऱ्यापैकी जमायला लागलं की मग हे प्रश्न सुरू होतात. मराठी किंवा सेमी-इंग्लिश शाळेतून आलेले आणि आता ऑफिसात मेल लिहिणारे, आयईएलटीएस (परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) देणारे, मुलांचा अभ्यास घेणारे आईबाबा, सगळ्यांकडून जे प्रश्न सतत येतात ते खाली घेतलेत. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल पण पहिले दोन नक्की वाचा, बाकी बरंचसं त्यावरच उभं आहे.

डिक्शनरीत दोन्ही शब्दांचा मराठी अर्थ एकच दिलाय, मग फरक कुठून आला?

अर्थ जवळजवळ एक असतो, पण कुठल्या नामाशेजारी बसायचं हे प्रत्येक विशेषणाचं ठरलेलं असतं. आपल्या मराठीतच बघा ना. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक झालेला पाव, चारही ठिकाणी आपण बिनदिक्कत कडक म्हणतो. इंग्रजीत मात्र स्ट्राँग टी, स्कॉर्चिंग सन, स्ट्रिक्ट डिसिप्लिन आणि हार्ड ब्रेड, चार वेगळे शब्द. आता उलटं करून बघा, इंग्रजीत स्ट्राँग टी, स्ट्राँग विंड, स्ट्राँग स्मेल, स्ट्राँग पॉसिबिलिटी असं एकच स्ट्राँग चालतं आणि मराठीत आपल्याला कडक चहा, सोसाट्याचा वारा, उग्र वास, दाट शक्यता असं प्रत्येक वेळी बदलावं लागतं. दाट वारा किंवा उग्र शक्यता असं आपण कधी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचा नियमही आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, ते कानाला माहीत असतं.

भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. त्याचाच विद्यार्थी मायकल हॅलिडे याने पुढे नेमकं चहाचंच उदाहरण घेतलं होतं, स्ट्राँग आणि पॉवरफुल यांचा अर्थ इतका जवळचा असूनही पॉवरफुल टी कोणी म्हणत नाही आणि कार मात्र पॉवरफुल असते. त्यामुळे स्ट्राँग म्हणजे काय एवढंच पाठ केलंत तर अर्धंच काम झालं, स्ट्राँग कशाला लागतं हे कळल्यावर ते पूर्ण होतं.

ठीक आहे, पण प्रत्यक्ष लिहिताना दोनातून एक निवडायचं कसं? काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती नामापासून सुरू होते. आधी विचारा की हे विशेषण कशाबद्दल आहे. पाऊस असेल तर हेवी, ट्रॅफिक असेल तरी हेवी, धुकं असेल तर थिक किंवा डेन्स, आवाज असेल तर लाउड. बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. नाही लागला तर मग बघा की शब्द नामाच्या आधी बसतोय की इज, वॉज नंतर, कारण काही विशेषणं एकाच जागी बसतात (पुढे सांगितलंय). त्यानंतर तीव्रता किती आहे ते, त्यानंतर शब्दात कौतुक आहे की टोमणा आहे ते, आणि शेवटी वाचणारा कोण आहे ते, म्हणजे बॉस, मित्र, परीक्षक की अमेरिकेतला क्लायंट.

सुरुवातीला हे सगळं वेळखाऊ वाटेल पण महिनाभर जाणीवपूर्वक केलं की हात आपोआप योग्य शब्दाकडे जायला लागतो. आणि शब्द वहीत उतरवताना एकटा उतरवू नका, नामासकट उतरवा. ‘हेवी = जड’ असं नको, ‘हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, हेवी स्मोकर’ असं.

बिग, लार्ज आणि ग्रेट यात नेमका फरक काय?

मराठीत मोठा या एका शब्दावर आपण फार काही उरकतो, मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठं मन, मोठा लेखक, मोठी रक्कम, मोठी चूक. म्हणूनच इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

मोजता येण्यासारखा आकार, संख्या किंवा प्रमाण असेल तिथे लार्ज छान बसतं, लार्ज नंबर, लार्ज अमाउंट, लार्ज पॉप्युलेशन, शर्टाचा साइझ. बिग अमाउंट म्हटलं तर लोकांना कळेल पण लिहिताना लार्जच बरं दिसतं. बिग हा बोलण्यातला शब्द, आकारालाही चालतो आणि महत्त्वालाही, बिग मिस्टेक, बिग डिसिजन, बिग डे, बिग ब्रदर. इथे मात्र लार्ज चालत नाही, लार्ज मिस्टेक हे ऐकायला विचित्रच लागतं. ग्रेट हा बहुतेक वेळा हातात न येणाऱ्या गोष्टींसाठी, ग्रेट प्लेझर, ग्रेट इम्पॉर्टन्स, ग्रेट सक्सेस, आणि माणसाच्या थोरवीसाठी. मोठा लेखक म्हणजे ग्रेट रायटर. बिग रायटर म्हटलंत तर ऐकणारा माणूस अंगापिंडाने मोठा आहे असंही समजू शकतो.

आणि मोठा आवाज लाउड, मोठं मन जनरस. मराठी शब्द एक आहे म्हणून इंग्रजी एकच शोधायला जाऊ नका.

एम्प्टी, व्हेकंट, ब्लँक, हॉलो, सगळे रिकामेच ना?

नाही, आणि इथे तर मराठी तुमच्या पूर्ण मदतीला येते, कारण आपण हा फरक आधीपासूनच करतो. डबा रिकामा असतो, तो एम्प्टी. पद किंवा जागा रिक्त असते, ती व्हेकंट, म्हणून भरतीच्या जाहिरातीत व्हेकन्सी. कागद कोरा असतो, तो ब्लँक, चेकही ब्लँक. झाडाचं खोड पोकळ असतं, ते हॉलो, आणि गंमत म्हणजे पोकळ आश्वासनसुद्धा इंग्रजीत हॉलो प्रॉमिसच आहे. माणूस मोकळा असेल तर तो फ्री.

मला वाटतं आपण मराठी मंडळी इंग्रजी शिकताना मराठी दारातच ठेवून येतो, आणि ते नुकसानीचं आहे. कुठलंही इंग्रजी विशेषण निवडताना आधी मराठीत त्या नामाला काय लावलं असतं ते मनात म्हणून बघा. प्रत्येक वेळी जुळणार नाही, मोठासारखे शब्द दगा देतात, पण बरेचदा फरकाची जाणीव तुमच्याकडे आधीच असते, फक्त इंग्रजी शब्द त्याला जोडायचा असतो. अलोन आणि लोनली असेच, एकटा आणि एकाकी. माणूस एकटा असून मजेत असू शकतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे लोकांत एकाकी असू शकतो. खोटे दात म्हणजे फॉल्स टीथ, चुकीचा नंबर म्हणजे राँग नंबर, नकली नोट म्हणजे फेक नोट, आणि गणपती विसर्जनासाठी केलेला कृत्रिम तलाव आर्टिफिशियल. चारही ‘खरे नसलेले’, पण मराठीतसुद्धा आपण त्यांची अदलाबदल करत नाही.

माणूस टॉल आणि डोंगर हाय, असं का?

टॉल म्हणजे पायापासून टोकापर्यंतची उंची, आणि वस्तू साधारण उभट, अरुंद असते, माणूस, झाड, बिल्डिंग. हाय म्हणजे जमिनीपासून किंवा समुद्रसपाटीपासून किती वर आहे ते, डोंगर, ढग, छत, फळी. म्हणून दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा टॉलेस्ट बिल्डिंग, आणि १६४६ मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रातलं हायेस्ट पीक.

यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण एव्हरेस्टचं आहे. समुद्रसपाटीपासून ८८४८.८६ मीटर, त्यामुळे जगातला हायेस्ट पर्वत तोच. पण हवाईतला मौना केआ हा ज्वालामुखी समुद्राच्या तळापासून मोजला तर १०,००० मीटरच्या वर जातो, पाण्याबाहेर मात्र जेमतेम ४२०० मीटर दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याला टॉलेस्ट म्हणतात. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, ती केवळ विशेषण वेगळं असल्यामुळे. हे एकदा डोक्यात बसलं की टॉल-हाय परत चुकत नाही.

हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल… शेवटी ‘अल’ कधी लावायचं?

सरसकट नियम नाहीये, जोडी जोडीने शिकावं लागतं. पण महत्त्वाच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

मराठीत दोन्हीला ऐतिहासिक म्हणतो म्हणून हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल आपल्याला नडतं. इतिहास घडवणारं ते हिस्टॉरिक, १ मे १९६० हा महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस हिस्टॉरिक डे. इतिहासाशी संबंधित, इतिहासावर आधारलेलं ते हिस्टॉरिकल, हिस्टॉरिकल नॉव्हेल, हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स. पेशव्यांच्या काळातला एखादा साधा हिशेबाचा कागद हिस्टॉरिकल असतो, हिस्टॉरिक असेलच असं नाही.

इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेबद्दलचं, इकॉनॉमिक ग्रोथ, इकॉनॉमिक पॉलिसी. इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चात जास्त काम देणारं, चांगलं मायलेज देणारी गाडी इकॉनॉमिकल. आणि इथे तिसरा शब्द घुसतो जो कोणी सांगत नाही. ‘घरची आर्थिक अडचण आहे’ याचं इंग्रजी बरेच जण इकॉनॉमिक प्रॉब्लेम असं करतात, कॉलेजच्या अर्जात तर हमखास. एका घराची, एका माणसाची पैशांची अडचण ही फायनान्शियल. इकॉनॉमिक म्हटलं की देशाची, बाजाराची गोष्ट वाटते. ज्यांना स्कॉलरशिपचा अर्ज लिहायचाय त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवा.

क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातलं उत्तम, नमुना म्हणावा असं, क्लासिक फिल्म, क्लासिक एक्झाम्पल. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय किंवा अभिजात परंपरेतलं, क्लासिकल म्युझिक. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला जो अभिजात भाषेचा दर्जा दिला तो इंग्रजीत क्लासिकल लँग्वेज, क्लासिक लँग्वेज नव्हे. अभिमानाने पोस्ट लिहिताना हा शब्द बरोबर पडावा असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रिक विजेवर चालणाऱ्या ठरावीक वस्तूला, इलेक्ट्रिक बस, इलेक्ट्रिक गिटार, आणि शॉकलाही. इलेक्ट्रिकल हे एकूण विषयाला किंवा प्रकाराला, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इलेक्ट्रिकल गुड्स.

‘आय ॲम बोरिंग’ म्हटल्यावर लोक हसतात, का?

कारण तुम्ही ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असं सांगितलंत. म्हणायचं होतं आय ॲम बोर्ड.

ही चूक आपल्याकडे इतकी होते त्याचं कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. आपण भावना सांगताना विशेषण फारसं वापरतच नाही. मला कंटाळा आलाय, माझा गोंधळ झालाय, मला उत्सुकता आहे, म्हणजे भावना हे नाम आणि ते माझ्याकडे येतं. इंग्रजीत तिथे विशेषण लागतं आणि ते दोन रूपांत येतं, इंग लागलेलं म्हणजे जे भावना निर्माण करतं ते, आणि एड लागलेलं म्हणजे ज्याला ती होते तो. लेक्चर बोरिंग, विद्यार्थी बोर्ड. फॉर्म कन्फ्यूझिंग, भरणारा कन्फ्यूझ्ड. प्रवास टायरिंग, प्रवासी टायर्ड. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असं गेलं की पहिलंच इम्प्रेशन बिघडतं, तिथे इंटरेस्टेड पाहिजे.

माणूस बोरिंग किंवा इंटरेस्टिंग नसतोच असं मात्र नाही, असतो, जेव्हा त्याच्यामुळे दुसऱ्याला तसं वाटतं तेव्हा.

याच कुळातलं अजून एक. सॅटिस्फाइंग म्हणजे समाधान देणारं, सॅटिस्फाइड म्हणजे समाधानी, आणि सॅटिस्फॅक्टरी म्हणजे ठीकठाक, चालण्यापुरतं. प्रगतिपुस्तकात सॅटिस्फॅक्टरी असा शेरा आला तर ते कौतुक समजू नका. आणि तुम्ही कोणाच्या कामाची तारीफ करताय तेव्हा चुकूनही सॅटिस्फॅक्टरी लिहू नका.

सिक आणि इल? आणि ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ चूक का?

ब्रिटिश इंग्रजीत आजारी असणं म्हणजे सहसा इल असणं, आणि ‘ही वॉज सिक’ म्हटलं की त्याला उलटी झाली असा अर्थ निघू शकतो. अमेरिकेत सिक म्हणजे सरळ आजारी. रजेला मात्र सगळीकडे सिक लीव्हच म्हणतात.

आता जागेचा मुद्दा. आजारी मूल म्हणायचं तर सिक चाइल्ड, कारण इल हे नामाच्या आधी क्वचितच येतं, आणि आलं तर बरेचदा वाईट या अर्थाने येतं, इल इफेक्ट्स, इल हेल्थ वगैरे. अस्लीप, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन, ही ‘अ’ने सुरू होणारी मंडळीही अशीच, इज-वॉज नंतर बसतात, नामाच्या आधी नाही. द चाइल्ड इज अस्लीप बरोबर, पण नामाआधी स्लीपिंग चाइल्ड. द फिश इज अलाइव्ह, पण लिव्हिंग थिंग्ज. अफ्रेडच्या जागी फ्रायटन्ड. अस्लीप आणि अलाइव्ह मधला ‘अ’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ऑन हे अव्यय झिजून राहिलेलं रूप आहे, ऑन स्लीप, ऑन लाइफ असं काहीसं, म्हणजे मुळात ते साधं विशेषण नव्हतंच, आणि म्हणून ते नामाच्या पुढ्यात बसायला तयार नाही हे समजायला सोपं जातं.

‘व्हेरी’ सगळ्यांना लावता येतं का?

नाही. आपण ‘खूप लाल’ म्हणतो पण ‘खूप लालभडक’ म्हणत नाही, कारण लालभडकमध्ये खूप आधीच आलेलं आहे, पांढराशुभ्र, काळाकुट्ट तसेच. इंग्रजीत टायर्ड, कोल्ड, हंग्री, बिग, अँग्री यांना व्हेरी लागतं. एक्झॉस्टेड, फ्रीझिंग, स्टार्व्हिंग, इनॉर्मस, फ्युरियस यांच्यात व्हेरी आधीच भरलेलं आहे, जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्यूटली लावा. रिअली मात्र दोन्हीकडे चालतं, शंका असेल तर तोच वापरा.

काही विशेषणांत कमी-जास्त नसतंच, डेड, प्रेग्नंट, मॅरिड. युनिकसुद्धा काटेकोर लिखाणात यातच धरतात, एकमेव म्हणजे एकमेव, व्हेरी युनिक वाचून जुने संपादक अजूनही लाल पेन काढतात. बोलण्यात लोक म्हणतात, पण ऑफिशियल लिखाणात टाळा.

आणि क्वाइट जरा सांभाळून. अमेरिकन माणूस क्वाइट गुड म्हणाला तर खूप छान, ब्रिटिश माणूस म्हणाला तर बरेचदा ‘बरं आहे’ इतकंच. लंडनच्या मॅनेजरकडून क्वाइट गुड आलं तर पुढची ओळ नीट वाचा.

थिन, स्लिम, स्किनी, कुठला शब्द बोलला तर कोणी दुखावणार नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाकी चुकांनी मार्क जातात, इथे माणूस दुखावतो. स्लिम म्हणजे सडपातळ, कौतुकाचा शब्द. थिन म्हणजे बारीक, साधा, पण तोंडावर म्हटला तर काळजीचा सूर येतो. स्किनी म्हणजे हडकुळा. लीन म्हणजे चरबी नसलेला, कसलेला. आपला ‘काटक’ म्हणायचा तर वायरी जवळ जातो.

दुसऱ्या बाजूला फॅट हा शब्द कोणाच्या तोंडावर वापरू नका. ओव्हरवेट आणि ओबीस हे वैद्यकीय शब्द आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत प्रौढांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे ओबीस. बऱ्याच जणांना वाटतं ओबीस हा फॅटचा सभ्य पर्याय आहे, तसं नाही, तो निदानाचा शब्द आहे. गुबगुबीत बाळाला चबी म्हणा, मोठ्या माणसाला नको. आपल्याकडे ‘जरा हेल्दी आहे’ म्हणजे जाड असं समजतात, बाहेरच्या माणसाला हे अजिबात कळत नाही, त्याला वाटेल तब्येत ठणठणीत आहे.

अशा जोड्या अजून पुष्कळ आहेत. थ्रिफ्टी काटकसरी, स्टिंजी कंजूष. चाइल्डलाइक निरागस, चाइल्डिश पोरकट. क्युरियस जिज्ञासू, नोझी म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. फेमस प्रसिद्ध, नोटोरियस कुप्रसिद्ध, आणि इन्फेमस म्हणजे ‘फेमस नसलेला’ नव्हे, तोही कुप्रसिद्धच.

लग्नाच्या बायोडाटात ‘होमली’ लिहितात, ते चूक आहे का?

भारतात चूक नाही, इथे सगळ्यांना घरगुती, घर सांभाळणारी असाच अर्थ लागतो आणि कित्येक वर्षं लागत आलाय. पण अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. ब्रिटनमध्ये ते बहुतेक घराला किंवा हॉटेलला लावतात, साधं, उबदार. स्थळ न्यू जर्सीचं असेल आणि मुलगा तिथेच वाढलेला असेल तर हा शब्द काढा, त्याऐवजी फॅमिली-ओरिएंटेड लिहा.

भारतीय इंग्रजीला उठसूट चूक म्हणणं मला पटत नाही. भाषा जिथे राहते तिथली होते. फक्त वाचणारा दुसरीकडचा असेल तर त्याला कुठला अर्थ लागेल हे माहीत असलं पाहिजे. स्मार्टचंही तसंच, अमेरिकेत मुख्यतः हुशार, ब्रिटनमध्ये नीटनेटक्या कपड्यांतला असाही अर्थ पक्का, आपल्याकडे दोन्ही. मॅड अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा वेडा.

आयईएलटीएसला भारी भारी विशेषणं टाकली की बँड (म्हणजे गुण) वाढतो का?

नुसती टाकून नाही वाढत. रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हींत लेक्सिकल रिसोर्स म्हणजे शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक, म्हणजे पाव भाग मार्क. पण वरच्या बँडच्या वर्णनात कमी वापरले जाणारे शब्द पाहिजेत यासोबतच शैली आणि कोलोकेशनची जाण पाहिजे असंही आहे, आणि क्लासमध्ये शब्दांच्या याद्या वाटताना हा दुसरा भाग बरेचदा सुटतो. ‘अ कोलोसल नंबर ऑफ स्टुडंट्स’ पेक्षा साधं ‘अ लार्ज नंबर’ कधीही बरं. जे विशेषण कुठल्या नामासोबत येतं ते माहीत नाही ते परीक्षेत वापरू नका, हा माझा ठाम सल्ला आहे.

इंग्रजीत एकाच अर्थाचे एवढे शब्द आलेच कुठून?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली, सामान्य लोक इंग्रजी बोलत राहिले, आणि विद्वानांची लॅटिन वरून आलीच. म्हणून किंग्ली, रॉयल, रीगल असे तीन तीन थर दिसतात, घरचा, फ्रेंच आणि लॅटिन. आपल्याकडे फुकट, मोफत, विनामूल्य हे तिन्ही आहेत की. बोलताना फुकट, दुकानाच्या पाटीवर मोफत, सरकारी सूचनेत विनामूल्य, पैसे तिन्हीकडे लागत नाहीत पण जागा बदलली की कानाला खटकतं.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते, घरचा, म्हणजे मूळ इंग्रजीतला जर्मानिक शब्द सहसा जवळचा, मायेचा असतो आणि लॅटिनकडून आलेला तांत्रिक, अंतर ठेवणारा. मदरली म्हणजे आईच्या मायेचं. मॅटर्नल हे नात्याचं आणि वैद्यकीय, मॅटर्नल अंकल म्हणजे मामा, पॅटर्नल अंकल म्हणजे काका. शेजारच्या काकूंच्या प्रेमळ स्वभावाला मदरली म्हणा.

‘चीप प्राइस’ बरोबर की चूक?

वस्तू चीप किंवा एक्स्पेन्सिव्ह असते, किंमत लो किंवा हाय असते. त्यामुळे लो प्राइस लिहा. आणि चीपमध्ये हलक्या दर्जाची छटा येते, भेटवस्तूबद्दल बोलताना इनएक्स्पेन्सिव्ह, घर-फ्लॅटबद्दल अफोर्डेबल.

फास्ट, क्विक, रॅपिड?

वेगाने जाणारं ते फास्ट, कार, ट्रेन, बोलर. थोड्या वेळात उरकणारं ते क्विक, क्विक रिप्लाय, क्विक लुक, क्विक कॉल. बदल किंवा वाढ झपाट्याने होत असेल तर रॅपिड, रॅपिड ग्रोथ. आणि फास्टली असा शब्द नाही, क्रियाविशेषण म्हणूनही फास्टच, ही रन्स फास्ट.

एल्डर आणि ओल्डर?

एल्डर फक्त घरातल्या नात्यात आणि नामाच्या आधी, माय एल्डर सिस्टर. ‘दॅन’ आलं की ओल्डर, शी इज ओल्डर दॅन मी. वयस्कर लोकांसाठी ओल्ड पीपल थोडं बोचतं, हल्ली ओल्डर पीपल लिहायची पद्धत आहे.

दिसायला सारखे पण अर्थ वेगळे, अशा शब्दांचं काय?

ते वेगळं प्रकरण, पण विचारलं जातं म्हणून मोजके देतो. सेन्सिबल समंजस, सेन्सिटिव्ह हळवा किंवा संवेदनशील. रिस्पेक्टफुल आदर देणारा, रिस्पेक्टेबल आदर मिळवणारा, रिस्पेक्टिव्ह म्हणजे ज्याचा त्याचा. हॉटेलमधला फुकटचा नाश्ता कॉम्प्लिमेंटरी, मधे ‘आय’. एकमेकांना पूरक असणारं कॉम्प्लिमेंटरी मधे ‘ई’, उच्चार जवळपास तोच त्यामुळे स्पेलिंग बघूनच खात्री करा. कंटिन्युअस म्हणजे न थांबता, कंटिन्युअल म्हणजे थांबून थांबून पण परत परत. दिवसभर येणारी-जाणारी लाइट कंटिन्युअल कटकट.

थिसॉरस वापरू की डिक्शनरी?

थिसॉरस म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, शिकणाऱ्याने त्याच्या एकट्यावर भिस्त ठेवू नये. रॉजेटचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ मध्ये आला, आणि माझ्या मते तो ज्याला शब्द आधीच माहीत आहेत पण ऐनवेळी आठवत नाहीत त्याच्यासाठी चांगला आहे. तो पर्याय देतो, कुठला कुठे बसतो ते सांगत नाही. वर्डमध्ये राइट क्लिक करून मिळणाऱ्या पर्यायांचंही तेच.

त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेली डिक्शनरी घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या मुलांना काय अडतं ते रोज दिसत होतं, त्यातून त्यांची डिक्शनरी १९४२ मध्ये जपानमध्ये छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती काढली, तीच आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स. म्हणजे मुळातच ती आपल्यासारख्यांसाठी आहे. तिच्यात सारख्या शब्दांतले फरक सांगणाऱ्या चौकटी आहेत, वेबसाइटवर फुकट दिसतात. ऑक्सफर्डचीच कोलोकेशन्स डिक्शनरी वेगळी मिळते, तीत नाम काढायचं आणि त्याला कुठली विशेषणं लागतात ते बघायचं.

अजून खोलात जायचं तर कॉर्पस बघा, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत, कोका या अमेरिकन इंग्रजीच्या कॉर्पसमध्ये १०० कोटींच्या वर. दोन पर्याय टाकले की कुठला किती वेळा आणि कुठल्या प्रकारच्या लिखाणात आला ते दिसतं. गूगल एनग्राम अजून सोपं, पण ते छापील पुस्तकांवर चालतं त्यामुळे बोलीभाषेतलं त्यात नीट दिसत नाही.

एका नामाला दोन-तीन विशेषणं लावायची असतील तर क्रम काय?

आधी तुमचं मत, मग आकार, वय, रंग, कुठलं ते, आणि शेवटी कशाचं बनलंय. अ ब्यूटिफुल ओल्ड पैठणी, अ स्मॉल ब्लॅक लेदर बॅग. लेदर ब्लॅक स्मॉल बॅग कोणी म्हणत नाही. तीनपेक्षा जास्त लावायची वेळ आली तर वाक्य तोडा.

विशेषण बरोबर निवडलं तरी वाक्य चुकतं, का?

बरेचदा पुढचं अव्यय चुकलेलं असतं. इंटरेस्टेड इन, गुड ॲट, अफ्रेड ऑफ, सिमिलर टू, डिफरंट फ्रॉम, फाँड ऑफ पण कीन ऑन. फाँड आणि कीनचा अर्थ जवळचा असूनही अव्यय वेगळं. मॅरिड टू, मॅरिड विथ नाही, आपण ‘हिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून विथ तोंडात येतं. अँग्रीनंतर माणूस असेल तर विथ, गोष्ट असेल तर अबाउट. वहीत विशेषणासोबत नाम लिहिलंत तसं हे अव्ययही लिहा, गुड ॲट मॅथ्स, अफ्रेड ऑफ डॉग्ज, असं पूर्ण.